शाळेला सुट्टी, घराला नव्हे

पालकांनो, हातातला मोबाईल उलटा ठेवा आणि पुढची काही मिनिटं लक्ष देऊन ऐका. मुलांना मी बोलावलेलं नाही. सुट्टीत तुमच्या घरांचं जे होतं त्यात मुलांचा दोष नाही. दोष तुमचा आहे आणि तो दरवर्षीचा आहे.

दिल्ली सरकारच्या शाळांची उन्हाळी सुट्टी गेली काही वर्षं ११ मे ते ३० जून अशी असते. ५१ दिवस. खासगी शाळा दोन-चार दिवस इकडेतिकडे करतात. यमुनेपलीकडे नोएडा-गाझियाबादला उत्तर प्रदेशच्या सरकारी शाळा साधारण २० मेला बंद होतात, गुरुग्राम-फरिदाबादला हरियाणाच्या शाळा सहसा १ जूनला. तीन सरकारांची तीन वेळापत्रकं असली तरी त्यातलं एकही आभाळातून पडत नाही. १ एप्रिलला सत्र सुरू होतं, त्याच सुमाराला शाळेचं वर्षाचं कॅलेंडर तुमच्या हातात पडतं. तरी १० मेच्या संध्याकाळी तुमचा फोन येतो, "मॅम, आता याला दिवसभर ठेवू कुठे?"

हा प्रश्नच मला मान्य नाही. मूल कुठे ठेवायचं नसतं. ते तुमच्या घरात राहतं आणि घर कसं चालतं हे तुम्ही त्याला दाखवायचं असतं. पण तुमचं घर तुम्ही चालवतच नाही, ते शाळा चालवते. बस सहा चाळीसला गेटवर येते म्हणून तुम्ही साडेपाचला उठता. डबा द्यायचा म्हणून सहाच्या आत गॅस पेटतो. उद्या युनिट टेस्ट आहे म्हणून टीव्ही बंद होतो. ही सगळी शिस्त तुम्ही शाळेकडून उसनी आणलेली आहे. सुट्टी लागली की शाळा आपलं उसनं परत घेऊन जाते आणि घरात तुमचं स्वतःचं काही शिल्लक राहत नाही.

पहिल्याच आठवड्यात काय होतं ते मला ठाऊक आहे. रात्री एकला झोप, सकाळी अकराला जाग, बाराला नाश्ता, चारला जेवण. पडदे ओढलेले, एसी सुरू, मूल पलंगावर आडवं आणि मोबाईल छातीवर. कोणी हटकलंच तर घरातलं दुसरं कोणीतरी लगेच म्हणतं, "सुट्टीच आहे, राहू दे." या 'राहू दे'ची फळं आम्ही जुलैच्या पहिल्या आठवड्यात वर्गात पाहतो. दुसऱ्या तासाला मुलं डेस्कवर डोकं टेकतात. अक्षर बिघडलेलं असतं. प्रार्थनेला उभं राहिलं की चक्कर येते, कारण सकाळी पोटात काही गेलेलं नसतं. त्या वेळी खाण्याची सवयच मोडलेली असते. चौथी-पाचवीतलं मूल बसमध्ये चढताना रडतं आणि तुम्ही आम्हाला विचारता की शाळेत काही झालं का. शाळेत काही झालेलं नसतं. दीड महिना तुम्ही त्याचं झोपणं-उठणं-जेवणं सैल सोडलं आणि एका रात्रीत ते जागेवर यावं अशी अपेक्षा धरली.

दिल्लीत हा अपराध दुप्पट आहे. पुण्या-नाशिकला उशिरा उठलेलं मूल दुपारी चार-साडेचारला झाडाखाली खेळायला तरी जाऊ शकतं. इथे ती सोय नाही. २९ मे २०२४ रोजी सफदरजंगला पारा ४६.८ अंशांवर गेला. त्याच दिवशी मुंगेशपूरच्या केंद्रावर ५२.९ अंशांची नोंद झाली. पुढे हवामान खात्याने त्या यंत्रात तीन अंशांचा दोष असल्याचं सांगितलं, पण तीन वजा केले तरी उरतात ते जवळजवळ पन्नास. त्याआधी २० मेलाच शिक्षण संचालनालयाला चालू असलेल्या शाळा तात्काळ बंद करण्याचा आदेश काढावा लागला होता. ही सुट्टी लूचे गरम वारे वाहतात म्हणून दिलेली आहे. दहा-अकरापासून संध्याकाळी पाच-साडेपाचपर्यंत मुलाने घराबाहेर पडू नये, एवढा तिचा साधा अर्थ.

मग मुलाला मोकळं आकाश कधी मिळायचं? मे-जूनमध्ये दिल्लीचा सूर्य साडेपाचच्या सुमारालाच उगवतो. साडेपाच ते साडेसात हे दोन तास, आणि ऊन उतरल्यावर संध्याकाळचा एखादा तास. दिल्लीच्या उन्हाळ्यात मुलाच्या वाट्याला येणारं बाहेरचं जग एवढंच. पाच ते सतरा वयाच्या मुलांनी दिवसाला किमान ६० मिनिटं अंग हलवावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. जे मूल अकराला उठतं त्याची ती ६० मिनिटं उठण्याआधीच हातची गेलेली असतात. मग ते दिवसभर चिडचिड करतं आणि तुम्ही म्हणता, हल्ली याचं काही कळतच नाही.

म्हणून पहिला नियम लिहून घ्या. सुट्टीत उठण्याची वेळ बदलायची नाही. शाळेने दहा महिने खपून मुलाला साडेपाच-पावणेसहाला उठवायची सवय लावलेली आहे. ही तयार सवय मोडायची कशाला? त्याच वेळेला उठवा आणि बसऐवजी बागेत न्या. सायकल चालवू दे, बॅडमिंटन खेळू दे, नुसतं धावू दे. मे महिन्यात दिल्लीचे रस्ते बहाव्याने पिवळे होतात, ते त्याने गाडीच्या काचेतून न पाहता झाडाखाली उभं राहून पाहू दे. सोसायटीच्या गेटवरच्या झाडाचं नाव काय, हे तुमच्या दहा वर्षांच्या मुलाला सांगता येत नाही आणि तुम्ही त्याला रोबोटिक्सच्या वर्गाला घालता.

लवकर उठायचं तर लवकर झोपावंही लागतं. सहा ते बारा वयाच्या मुलाला रोज ९ ते १२ तास झोप लागते, तेरा ते अठराच्या मुलाला ८ ते १०. त्यामुळे लहान मुलाने साडेआठला अंथरुणावर पडायचं आणि नवाच्या आत झोपायचं, मोठ्याने साडेनवाला. दुपारी ऊन तापल्यावर घटकाभर झोपलं तर बिघडत नाही. पाचपर्यंत लोळलं तर बिघडतं. "आमच्याकडे जेवणंच दहाला होतात" हे कारण मला सांगू नका. दहाला जेवायला मुलाने सांगितलेलं नाही. वडील उशिरा येत असतील तर मुलाला आधी वाढा.

आता वडिलांशी बोलते, कारण सुट्टीबद्दल मला फोन करते ती नेहमी आईच. गुरुग्रामचं ऑफिस, दोन तासांचा ट्रॅफिक, महिनाअखेरीचं टार्गेट हे सगळं मला ठाऊक आहे. पण मुलाच्या आईलाही ऑफिस आहे, आणि नसलं तरी ५१ दिवसांचा सगळा भार तिने एकटीने उचलायचा असं कुठे लिहिलेलं नाही. सकाळचे ते दोन तास तुमचे. तुम्ही मुलाला बागेत न्यायचं, तुम्ही परत आणायचं, तुम्ही त्याच्यासोबत नाश्ता करायचा. रात्री दहाला घरी येणाऱ्या बापाची आणि मुलाची भेट दिल्लीत सकाळीच होऊ शकते. ती भेटही तुम्ही झोपून घालवता.

दुसरा नियम घरकामाचा. मे महिन्यात तुमच्याकडे काम करणारी दीदी बंगालला, बिहारला, झारखंडला आपल्या गावी जाते. तिलाही मुलं आहेत आणि त्यांनाही सुट्टी आहे. मग घरात भांड्यांचा ढीग पडतो, आई वैतागते आणि बारा वर्षांचा धडधाकट मुलगा सोफ्यावरून विचारतो, "खायला काय आहे?" हे चित्र मला चीड आणतं. त्या मुलाला काम द्या. पाण्याच्या बाटल्या भरणं, कपडे वाळत घालणं, घड्या करणं, तांदूळ निवडून धुणं, कैरी उकडून पन्हं करणं, उन्हं उतरल्यावर कुंड्यांना पाणी घालणं. घरात कूलर असेल तर आठवड्यातून एकदा तो रिकामा करून, घासून, कोरडा करून पुन्हा भरण्याचं काम मोठ्या माणसासोबत त्याच्याकडे सोपवा. प्लग काढायचा हे आधी शिकवा. कूलरच्या साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात, महापालिकेची माणसं अळ्या शोधत घरोघर फिरतात. विज्ञानाच्या पुस्तकात डासाचं जीवनचक्र पाठ करणाऱ्या मुलाने ते आपल्या कूलरमध्ये होऊ न देणं हाच त्या धड्याचा खरा अभ्यास. आणि ही कामं मुलगी असो वा मुलगा, दोघांना सारखी. बहिणीने कांदा चिरायचा आणि भावाने क्रिकेट पाहायचं, हे ज्या घरात चालतं त्या घराने स्त्री-पुरुष समानतेवरचा निबंध मुलाकडून लिहून घेऊ नये.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा काढल्या. मुलं गुरांमागे जात, म्हणून शाळाच कुरणात नेली. रोजच्या कामातून शिक्षण होतं हे त्या बायकांनी माळरानावर करून दाखवलं. तुम्हाला तर फक्त स्वयंपाकघराचं दार उघडायचं आहे.

तिसरा नियम मोबाईलचा. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला स्क्रीन अजिबात नाही, दोन ते पाच वयाला दिवसाला एक तासापेक्षा जास्त नाही, असं आपल्याच देशातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सांगितलेलं आहे. मोठ्या मुलांसाठी तास तुम्ही ठरवा, पण ठरवा आणि पाळा. जेवताना नाही, अंथरुणात नाही, सकाळी नाश्त्याआधी नाही. हा नियम घरातल्या सगळ्यांना लागू. आई-बाप ताटावर बसून रील पाहत असतील तर मुलाला बोलण्याचा अधिकार त्यांनी गमावलेला आहे.

"मग ते कंटाळेल." कंटाळू दे. तुम्ही मुलाच्या कंटाळ्याला घाबरता आणि भीतीपोटी सकाळी स्केटिंग, दुपारी अबॅकस, संध्याकाळी कोडिंग असे वर्ग लावून देता. ही सुट्टी नव्हे, शुल्क भरून घेतलेली दुसरी शाळा आहे. दिवसातले दोन तास तरी मुलाला कोणी काही सांगू नये. सुरुवातीला ते कुरकुरेल. मग जुना खोका काढेल, कागद कापेल, धाकट्या भावंडाला घेऊन काहीतरी मांडेल. तेवढा वेळ तुम्ही त्याला कधी दिलेलाच नाही.

बाहेर न्यायचंच असेल तर मॉलमध्ये नेऊ नका. तुम्ही देशाच्या राजधानीत राहता. कोटला रोडचं राष्ट्रीय बाल भवन १९५६पासून मुलांसाठी चालतं, तिथे माती आहे, रंग आहेत, लाकूडकाम आहे. बहादूरशाह जफर मार्गावरच्या नेहरू हाउसमध्ये व्यंगचित्रकार शंकर यांचं बाहुल्यांचं संग्रहालय आणि मुलांचं ग्रंथालय एकाच इमारतीत आहे. चाणक्यपुरीला रेल्वे संग्रहालय, भैरों मार्गावर विज्ञान केंद्र. आठवड्यातून एक दिवस, सकाळी लवकर, मेट्रोने. कुठे बदलायचं, किती स्टेशनं, परतीची गाडी कोणती, हे मुलाने ठरवायचं आणि तुम्ही मागे चालायचं. तालकटोरा स्टेडियममध्ये फेब्रुवारी २०२५मध्ये ९८वं मराठी साहित्य संमेलन झालं, तुमच्यातले पुष्कळ जण तिथे गेलात. १७३७च्या मार्चमध्ये बाजीराव दिल्लीवर चालून आला तेव्हा मराठ्यांचा तळ याच तालकटोऱ्याच्या परिसरात होता, हे तिथे किती जणांनी आपल्या मुलाला सांगितलं?

आता हॉलिडे होमवर्क. याबाबत आधी माझ्याच व्यवसायबंधूंना बोलते. प्राध्यापक यशपाल समितीने १९९३ साली ओझ्याविना शिक्षणाचा अहवाल दिला आणि दप्तराच्या वजनापेक्षा न समजण्याचं ओझं जास्त वाईट असतं हे स्पष्ट सांगितलं. २०१८ साली केंद्राच्या शिक्षण खात्याने पहिली-दुसरीला गृहपाठ देऊ नये असं राज्यांना कळवलं. तरी शाळा सहा वर्षांच्या मुलाला थर्माकोलचा लाल किल्ला करायला सांगतात. तो मूल करू शकत नाही हे शिक्षकाला माहीत असतं. असं काम देणारा शिक्षक मुलाला खोटं बोलायला शिकवतो.

आणि तुम्ही त्याला साथ देता. २८ जूनला स्टेशनरीच्या दुकानात जाऊन तयार मॉडेल विकत आणता, चार्ट रंगवून घेता आणि खाली मुलाचं नाव घालता. मुलाला त्यातून एकच धडा मिळतो की आपलं काम पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घेता येतं. यापुढे असं करू नका. रोज सकाळी आंघोळ-नाश्ता झाल्यावर पाऊण तास, ठरलेल्या जागी, मुलाने स्वतः बसायचं. १५ जूनच्या आत सगळं संपवायचं. वाकडं झालं तरी त्याच्या हातचंच शाळेत जाईल. शाळेने त्यावर तक्रार केली तर पालक म्हणून जाऊन भांडा. तुमच्या बाजूने उभे राहणारे शिक्षक प्रत्येक शाळेत आहेत.

शेवटची गोष्ट गावाची. करोल बागेतल्या गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, व्यवसायातली सांगली जिल्ह्यातली घरं, विटा-खानापूर-आटपाडीची माणसं, दरवर्षी मुलांना गावी धाडतात. ही रीत चांगली आहे, बाकीच्यांनीही ती धरावी. पण तीही नियोजनाने. १ नोव्हेंबर २०२४पासून रेल्वेचं आरक्षण १२०ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. मेच्या मध्यावर निजामुद्दीनहून गोवा एक्स्प्रेस पकडायची असेल तर मार्चच्या मध्यावर जागं व्हायला हवं. आणि महाराष्ट्राच्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, विदर्भात त्यानंतर आठवड्या-दोन आठवड्यांनी, हे लक्षात ठेवा. मामेभाऊ-चुलतबहिणी शाळेत गेल्यावर तुमचं मूल आजोळी एकटं उरतं आणि पुन्हा मोबाईलकडे वळतं. म्हणून मेमध्ये जा आणि त्यांची शाळा उघडायच्या आत परत या.

आजी-आजोबांना विनामूल्य पाळणाघर समजू नका. सत्तरीतल्या माणसाच्या गुडघ्यांना दहा वर्षांच्या मुलामागे धावणं झेपत नाही. मूल किती वाजता उठेल, कोणती कामं करेल, मोबाईल किती वेळ पाहील, हे पाठवण्याआधी त्याच्यासमोर बोलून ठरवा आणि आजीच्या शब्दाला तुमच्या शब्दाइतकाच मान आहे हे त्याला बजावा. तिकडे त्याने आजीशी मराठीतच बोलावं. दिल्लीतलं मराठी मूल आजीला हिंदीत उत्तर देतं आणि तुम्ही कौतुकाने हसता. त्यात हसण्यासारखं काही नाही. तिच्याकडून त्याला कुरडया घालायला, आंबे ओळखायला शिकायला मिळतं, आपली भाषा ऐकायला मिळते, हे शाळेत कोणी शिकवत नाही.

ज्यांच्याकडे गाव नाही आणि ज्यांना रजाही नाही, त्यांनी मुलाला कुलपात बंद करून कामावर जाऊ नये. सोसायटीतल्या चार घरांनी मिळून आळीपाळीने दुपारी मुलं सांभाळावीत. दिल्लीत मराठी मंडळं गणपतीला मांडव घालतात, दिवाळीला कार्यक्रम करतात. त्यांनी मे महिन्यात रोज तीन तास एक खोली, एक सतरंजी आणि पन्नास पुस्तकं मुलांसाठी मोकळी करावीत. त्यासाठी देणगीदार शोधावा लागत नाही.

जूनचा शेवटचा आठवडा तयारीचा. २३ जूनपासून बसच्या वेळेला आंघोळ, बसच्या वेळेला नाश्ता. बूट घालून पाहा, पाय वाढलेले असतात. दप्तर मुलानेच रिकामं करून भरायचं. फक्त उठण्याची वेळ तुम्ही मोडली नसेल तर या आठवड्यात घरात एकही आरडाओरडा होणार नाही, हे मी खात्रीने सांगते.

घराची दिनचर्या घराची असली पाहिजे, शाळा चालू असो वा बंद. एवढी एक गोष्ट तुम्ही या उन्हाळ्यात केली तर पुढच्या वर्षी मला हे बोलावं लागणार नाही. आणि जुलैच्या पहिल्या दिवशी दुसऱ्या तासाला ज्याचं डोकं डेस्कवर टेकेल, त्या मुलाला मी उठवणार नाही. त्याच्या आई-वडिलांना, दोघांनाही, शाळेत बोलावीन.